‘सगळं आहे, पण…’ : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात ‘सुख’ या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सुखाबद्दल थोडं आणि जावई, बॉस, गुडघे आणि पेन्शन यांच्याबद्दल बरंच आहे. माझी तक्रार नाही. सांगलीच्या एका कॉलेजात मी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, तत्त्वज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचेही तास घेतले. दोन्ही वर्गांत मुलं प्रश्न विचारायची ते घरातून उचलून आणलेलेच. लांबलेली पत्रं आखडती केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : सहकारी संस्थेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. घर स्वतःचं, कर्ज नाही. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, दोघांचं उत्तम चाललंय. साखर आहे, पण ताब्यात. तरी सकाळी उठलं की दिवस अंगावर येतो. रोज अकराला बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो. तिथली मुलगी म्हणते, “काका, कालपासून काहीच एंट्री नाही.” सौ. म्हणते, तुम्हाला सुख टोचतंय. खरंच तसं असेल का?
— एक निवृत्त, कराड

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं निदान मला मान्य नाही.

तुम्ही जी यादी दिलीत ती पुन्हा वाचा. घर आहे, मुलं आहेत, साखर ताब्यात आहे. सगळ्या ‘असण्याच्या’ गोष्टी. तुमची अडचण ‘करण्याची’ आहे. ॲरिस्टॉटलने हा फरक फार पूर्वी केला होता. माणसाचं भलं त्याच्याजवळ काय आहे यात नसून तो काय करत राहतो यात आहे, असं त्याचं म्हणणं. दाखला दिला ऑलिंपिकचा : तिथे मुकुट मिळतो तो सर्वांत देखण्या किंवा बळकट माणसाला नाही, जे मैदानात उतरतात त्यांच्यातल्याच कुणाला तरी.

तुमचं पत्र वाचताना मला मारियेन्थाल आठवलं. व्हिएन्नाजवळचं एक लहानसं गाव. अख्खं गाव एका कापड गिरणीवर जगायचं आणि १९३० च्या सुमाराला ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तिघांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन त्या गावाचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. आता माणसांना वेळच वेळ होता. वाटेल की लोक वाचतील, सभा-मंडळांना जातील. झालं उलटंच. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. संशोधक खिडकीत घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेग मोजू लागले. पुरुष हळू चालत होते, जागोजागी थांबत होते. बायका भराभर जात होत्या, कारण त्यांचं घरचं काम कुठेच गेलेलं नव्हतं. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं, तर पुरुषांना तासांचे रकाने भरता येईनात. एकाने लिहिलं त्याचा भावार्थ असा, की मधल्या वेळात दुपार होते.

त्या लोकांना भूकही होती, तुम्हाला पेन्शन आहे. तेवढा फरक मोठाच. पण याहोडाबाईंनी पुढे जे मांडलं ते तुम्हाला लागू आहे. पगार हा नोकरीचा दिसणारा भाग. त्याच्या आड नोकरी दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं भेटवते, चारचौघांच्या कामात आपलाही हात आहे असं वाटू देते आणि ‘आपण कोण’ याचं एक तयार उत्तर हातात ठेवते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन हे सगळं परत घेतलं जातं, आणि त्याबद्दल निरोपाच्या भाषणात कुणी बोलत नाही.

तुमची निवृत्ती झाली, वहिनींची झालेली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात उलट एक माणूस वाढला. ‘सुख टोचतंय’ हे त्या कशामुळे म्हणत असतील याचा अंदाज मला आहे, तुम्हालाही असेल.

आता पासबुक. तुम्ही एंट्रीसाठी जात नाही हे त्या मुलीलाही कळलेलं असणार. पण त्या फेरीला ठरलेली वेळ आहे, जायला ठिकाण आहे, ‘काका’ म्हणणारं माणूस आहे आणि काम पुरं झाल्याचा शिक्का आहे. म्हणजे काय हवंय ते तुम्ही स्वतःच शोधून काढलंय, फक्त तुटपुंज्या मापात. छंद जोपासा, असं मी सांगणार नाही. छंद चुकला तर कुणाचं अडत नाही, आणि तुम्हाला नेमकं कुणाचं तरी अडायला हवं आहे. सहकारात उभी हयात काढलेला माणूस तुम्ही. कराडात अशा किती गृहनिर्माण संस्था असतील जिथे इतिवृत्त कुणाला धड लिहिता येत नाही आणि लेखापरीक्षकाचे शेरे आले, की दोषदुरुस्ती अहवाल कसा भरायचा म्हणून सेक्रेटरी रजा काढून फिरतो! महिला बचत गटांचे हिशेब असतात. एकच काम धरा, पण त्याला वार ठरवा, आणि तुम्ही आला नाहीत तर फोन करून रागावेल असं माणूस त्यात असू द्या.

हार्वर्डने १९३८ पासून चालवलेला तो प्रसिद्ध अभ्यास तुम्हाला मोबाइलवर कुणी ना कुणी पाठवलाच असेल : म्हातारपण चांगलं जायला नाती जपा. खरं आहे ते. पण नात्यांना भेटण्याचं निमित्त लागतं. हास्यक्लबचंच बघा ना. लोक थोडा वेळ हात वर करून हसतात आणि नंतर चहाच्या टपरीवर तासभर उभे राहतात. गुण हसण्याचा किती आणि टपरीचा किती, हे एकदा कुणीतरी मोजायला हवं.

प्रश्न : दरवर्षी २० मार्चच्या आसपास बातमी येते, फिनलंड सर्वांत आनंदी. आपण पाकिस्तानच्याही खाली! ज्या देशाने जगाला योग आणि ध्यान दिलं त्याला हे लोक कोणत्या मापाने मोजतात? हा डाव नाही का?
— एक संतप्त शिक्षक, मिरज

उत्तर : डाव नाही. माप मात्र समजून घेण्यासारखं आहे.

‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ या अहवालातली ती यादी. तिच्यात तज्ज्ञ बसून गुण देत नाहीत. देशोदेशी दरवर्षी साधारण हजार माणसांना एक प्रश्न विचारतात. एक शिडी डोळ्यांपुढे आणा. दहावी पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, शून्य म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये ही शिडी मांडली. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात आणि क्रम लावतात, झालं. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे आकडे नंतर येतात, ते क्रमाचं कारण शोधण्यापुरते. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपण ११८ वे होतो आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला.

म्हणजे आपल्याला खाली बसवलं ते आपल्याच लोकांनी.

ही शिडी मी दरवर्षी फळ्यावर खडूने काढायची आणि मुलांना वहीच्या मागच्या पानावर आपली पायरी लिहायला सांगायची. एका वर्षी जत तालुक्यातल्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, शिडी माझी एकटीची, का घरच्यांची?” मी म्हटलं, दोन्ही लिही. तिने एकटीची आठ लिहिली : स्कॉलरशिप आहे, होस्टेलला दोन वेळचं जेवण आहे, पाणी नळाला येतं. घरच्यांची तीन : विहीर आटली होती आणि भावाचं जमलेलं लग्न मोडलं होतं. मग बाकीची मुलंही खोडाखोड करायला लागली. सर्वेक्षणाच्या प्रश्नात शिडी एकट्याची असते. आपल्याकडे उत्तर देणारा माणूस मनात कुणाकुणाला घेऊन पायरीवर उभा असतो, ते त्या आकड्यात दिसत नाही. ही त्या मापाची खरी मर्यादा. योगाचा तिथे संबंध नाही.

दुसरं असं, की ही पायरी आयुष्याबद्दलचं मत सांगते, मनःस्थिती नव्हे. काल हसलात का, काही नवं शिकलात का, असं विचारलं की क्रम बदलतो आणि लॅटिन अमेरिकेतले देश वर चढतात. फिन्निश माणूस तुमच्या-माझ्याहून जास्त हसतो असा दावा कुणीही केलेला नाही. आजारपणाने घर विकावं लागणार नाही, नोकरी गेली तर सरकार बघेल, हरवलेलं पाकीट परत मिळेल, याची त्याला बऱ्यापैकी खात्री असते, एवढंच. मिरज स्टेशनवर पाकीट पडलं तर परत मिळेल का, हे शिक्षक-खोलीत विचारून बघा आणि मग आपल्या क्रमांकावर बोलू.

प्रश्न : मी २६ वर्षांची. हिंजवडीला जॉब, वाकडला मैत्रिणींबरोबर फ्लॅट. ऑफिसात ‘हॅपिनेस’वर वर्कशॉप झालं. तेव्हापासून रोज रात्री ॲपवर तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या असतात. अमेरिकेबरोबरचा कॉल साडेअकराला संपतो, मग मी लिहिते. या आठवड्यात चार वेळा ‘फिल्टर कॉफी’ लिहिलंय. बाकीचे म्हणतात खूप फरक पडला. मला काहीच वाटत नाही, आणि वाटत नाही याचंच टेन्शन येतं. बाई, माझ्यातच काही बिघाड आहे का?
— एक इंजिनिअर, पुणे

उत्तर : फिल्टर कॉफी चार वेळा आवडली असेल तर चार वेळा लिहावी, त्यात काय!

तुझ्याआधी हे सगळं भोगलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. जॉन स्टुअर्ट मिल, पुढे नावाजलेला इंग्रज तत्त्वज्ञ. बापाने तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवून तयार केलेला, ‘जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख’ या तत्त्वाचा भावी प्रवक्ता. १८२६ मध्ये, विशीत, त्याने स्वतःला विचारलं : जगात मला ज्या सुधारणा हव्यात त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मी सुखी होईन का? आतून स्पष्ट उत्तर आलं, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो काळोखात होता. एका आत्मचरित्रातला प्रसंग वाचून त्याला रडू फुटलं, तिथून थोडं बरं वाटायला लागलं. पुढे वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी हात दिला. पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलं, की सुखी होतात ती माणसं ज्यांचं लक्ष सुखावर नसून दुसऱ्या कशावर तरी असतं. ‘मी सुखी आहे का’ असं विचारायला गेलात, की ते निसटलंच.

हे आता प्रयोगशाळेतही दिसलंय. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही स्त्रियांना सुखी असण्याचे फायदे सांगणारा लेख वाचायला दिला आणि मग आनंदी प्रसंगाची फिल्म दाखवली. लेख वाचलेल्यांना ती फिल्म पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला. आनंद व्हायलाच हवा, असं मनाने ठरवून ठेवलं की जे होईल ते कमीच पडतं. तुझ्या कंपनीच्या वर्कशॉपने हा लेख तुला रोज रात्री वाचायला लावलाय.

कृतज्ञतेच्या यादीला मी नावं ठेवत नाही. पण ती रोज लिहिल्याने जास्त लागू पडते असंही नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रविवारी लिही, किंवा सोडून दे. ॲप रुसेल, रुसू दे.

आता माझ्या मते मुद्द्याची गोष्ट. तुझ्या पत्रात मला बिघाड दिसत नाही, कॉलची वेळ दिसते. डॅनियल काहनेमान यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग लिहायला लावला होता, कुठे होतात, काय करत होतात, कसं वाटत होतं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. सर्वांत तळाला काय निघालं? सकाळचा ऑफिसला जायचा प्रवास. आणि ज्यांची झोप नीट होत नव्हती त्यांचा अख्खा दिवस बेचव. टेक्सासच्या त्या बायांनी हिंजवडीचा रस्ता पाहिलेलाही नाही! रात्री साडेअकरापर्यंत काम करून घ्यायचं, सकाळी त्या गर्दीत लोटायचं आणि वर ‘तीन चांगल्या गोष्टी लिहा’ म्हणायचं, म्हणजे जे कंपनीने दुरुस्त करायचं ते तुझ्या मनावर ढकलणं झालं. मॅनेजरकडे माग : तो कॉल आठवड्यातून दोनच दिवस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी घरून काम. नाही म्हणतील कदाचित. मग निदान कोण नाही म्हणतंय हे तरी स्पष्ट होईल.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न नेता सांगते. सलग दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, भूक-झोप बिघडली, स्वतःबद्दल वाईट विचार यायला लागले, तर तो या सदराचा विषय राहत नाही. डॉक्टरांकडे जायचं. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : पैशाने सुख मिळतं का? फाटे न फोडता एका शब्दात सांगा.
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : हो.

तुम्ही एका शब्दावर सोडणार नाही हे माहीत आहे, म्हणून तुमच्याच पिकाचा दाखला देते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची तीच चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीच्या आधी हात आखडता असताना आणि एकदा बिल हातात पडल्यावर. तेच शेतकरी बिलानंतर सरस ठरले. सेंदिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये आला. म्हणजे पैशाची चणचण डोक्यातली जागा खाते. कायद्याने ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायला हवं. ते रखडतं तेव्हा व्याज बुडतं हे तुम्ही जाणताच, पण त्या काळात घेतलेल्या निर्णयांचाही तोटा असतो आणि तो कुठल्याच ताळेबंदात येत नाही. ‘पैशात काय आहे’ असं सांगणारे महाराज बहुधा बिलाची वाट बघत नसतात.

अमुक एका उत्पन्नानंतर सुख वाढत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. २०१० मध्ये काहनेमान आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेपुरती ती रेघ वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास दाखवली होती. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना रेघ सापडलीच नाही. मग वाद घालत बसण्याऐवजी काहनेमान आणि किलिंग्जवर्थ एकत्र आले, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेतलं आणि २०२३ मध्ये संयुक्त निष्कर्ष मांडला : बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, फक्त जे आधीच सर्वांत दुःखी आहेत अशा पाचव्या हिश्श्याचं एका टप्प्यानंतर थांबतं. त्यांचं दुःख पैशाने सुटणारं नसतं. आणि वाढ सर्वांना सारखी नसते. महिना वीस हजारवाल्याला दहा हजार जास्त मिळाले तर घर बदलतं, दोन लाखवाल्याला त्याच दहा हजारांचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी. उचलणं, आंघोळ, भरवणं सगळं माझ्याकडे. मिस्टर यंत्रमागावर जातात. माझी कंबर आता साथ देत नाही. नातेवाईक म्हणतात, सुख मानण्यावर असतं. मंडळाच्या व्याख्यानमालेत एकांनी सांगितलं की लॉटरी लागलेले आणि अपघातात पाय गेलेले लोक वर्षभरात सारखेच सुखी होतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मग मी एकोणीस वर्षांत का झाले नाही? तो कुकरच्या शिट्टीला खळखळून हसतो, तेव्हा मीही हसते. पण रात्री एकच विचार, माझ्यामागे याचं काय?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, कमी तुमच्यात नाही, त्या व्याख्यात्यांच्या वाचनात आहे.

तो अभ्यास १९७८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. फिलिप ब्रिकमन आणि दोन सहकाऱ्यांनी केलेला. लॉटरी लागलेले २२, अपघाताने लुळे पडलेले २९ आणि तुलनेसाठी साधे २२ लोक. सध्या किती सुखी आहात, याचे पाचपैकी गुण असे आले : लॉटरीवाले ४, साधे लोक ३.८२ आणि अपघातग्रस्त २.९६. यात ‘सारखेच’ कुठे आहे? लॉटरीवाले इतरांहून फार सुखी नव्हते हे खरं. अपघातग्रस्त लोक आपण कल्पना करतो तितके खचलेले नव्हते, हेही खरं. पण ते खाली होते, आणि स्पष्ट खाली होते. शिवाय कुणालाही आधी आणि वर्षाने असं दोनदा विचारलेलंच नव्हतं. पुढे रिचर्ड लुकास यांनी जर्मनी आणि ब्रिटनमधल्या त्याच त्या माणसांची वर्षानुवर्षांची उत्तरं तपासली. २००७ च्या त्या अभ्यासात मोठं अपंगत्व आलेल्यांचं समाधान घसरलं ते पुढची कित्येक वर्षं पूर्ववत झालं नाही. माणूस सगळ्याला सरावतो, हे भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. काही गोष्टींना माणूस सरावत नाही, आणि तो त्याचा दोष नसतो.

‘सुख मानण्यावर’ ही शिकवण जुनी आहे आणि ती सांगणारे लोक थोर होते. प्राचीन रोमन काळातला तत्त्वज्ञ एपिक्टेटस तर गुलाम म्हणून वाढलेला. माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांबद्दलचं मत त्रास देतं, असं तो म्हणे. पण त्याची पहिली पायरी लोक गाळतात : आधी आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते वेगळं करा. तुमच्या मुलाची अवस्था कुणाच्याच हातात नव्हती. तुमची कंबर, तुमची झोप, तुमच्यामागे त्याचं कोण, या गोष्टी मात्र कुणाच्या ना कुणाच्या हातात आहेत, आणि त्या सगळ्या तुमच्या एकटीच्याच नाहीत.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, १९१५ ला ते छापलं गेलं. त्यात ‘सुखदुःखविवेक’ नावाचं एक पूर्ण प्रकरण आहे. तृष्णेला अंत नाही हे ते मान्य करतात, ययातीचा श्लोकही देतात. पण ‘असंतोषः श्रियो मूलम्’ हे महाभारतातलं वचनही तिथेच पुढे करतात. ज्यांना असंतोषाचे जनक म्हटलं गेलं त्यांनी समाधानाच्या नावाखाली हातपाय गाळून बसायला परवानगी दिली असती तर नवलच! तुमच्या नातेवाइकांनी तुकारामांचं ‘सुख पाहतां जवापाडें’ ऐकवलं असेलच. तुकोबांनी ते सोसून म्हटलं होतं, दुसऱ्याला गप्प करण्यासाठी नव्हे.

आता करायचं काय ते सांगते. मुलगा अठरा ओलांडून गेला, म्हणजे कायद्याच्या लेखी तो सज्ञान. त्याच्या वतीने सही करायला पालक असणं आता पुरत नाही, कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिथे अर्ज करा. त्याच ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढलं नसेल तर ते आधी. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात तिन्हींची चौकशी एका फेरीत होईल. काम एका फेरीत संपणार नाही हे मलाही माहीत आहे, पण ‘माझ्यामागे काय’ या प्रश्नाचा जो भाग कागदाने सुटतो तो तरी सुटू दे. समितीपुढे तुमच्यानंतर कोण, याबद्दलही बोला.

कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून एकदा विचारा, मुलाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं. उचलण्याची रीत असते, ती आयांना कुणी शिकवत नाही. आणि ‘सुख मानण्यावर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांपैकी सर्वांत धडधाकट असेल त्यांना सांगा, दर रविवारी चार ते सहा तुम्ही याच्याजवळ बसायचं. त्या दोन तासांत तुम्ही देवळात जा, बहिणीकडे जा, नाहीतर नुसत्या झोपा.

राहिली कुकरची शिट्टी. नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं, की माणसाच्या मनात आनंद आणि त्रास यांचे हिशेब निरनिराळे चालतात. एक वाढला म्हणून दुसरा घटतोच असं नाही. तुम्ही त्याच्याबरोबर हसता, म्हणजे तुमचं बरं चाललंय असा अर्थ कुणाला काढू देऊ नका. आणि रात्री रडू येतं म्हणून ते हसणं खोटं, असंही समजू नका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. समजा एक गोळी निघाली, ती घेतली की माणूस कायम आनंदी राहतो, साइड इफेक्ट शून्य. तुम्ही घ्याल का? आमच्यात यावरून भांडण झालंय.
— जयसिंगपूर

उत्तर : मी नाही घेणार. पण आधी तुझ्या भांडणाला दारूगोळा देते.

रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये तुझ्या गोळीऐवजी यंत्र कल्पिलं होतं. टाकीत तरंगत राहायचं, मेंदूला तारा जोडलेल्या, आणि हवा तो अनुभव मिळतोय असं वाटत राहणार. मॅच जिंकलास, कादंबरी लिहिलीस, सगळं. आपण यंत्रात आहोत हे आठवणारच नाही. नोझिकचं म्हणणं, बहुतेक लोक नको म्हणतील. कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, ती गोष्ट खरोखर करायची असते. म्हणजे सुख हे एकच आपल्याला हवं असतं, हे खोटं.

तुझ्या विरोधकांसाठीही आहे. फेलिपे दे ब्रिगार्ड यांनी २०१० मध्ये तोच प्रश्न उलटा विचारला : समजा तू आत्ताच यंत्रात आहेस आणि आजवरचं सगळं आयुष्य त्यातलंच होतं, बाहेर यायचंय का? तेव्हा जवळपास निम्म्यांनी इथेच राहू द्या म्हटलं. मग खरेपणाची ओढ कुठे गेली? कदाचित आपण खऱ्याला धरून नसतोच, आहे त्याला धरून असतो.

माझी मुलं या प्रश्नावर दरवर्षी तास संपला तरी उठायची नाहीत. एकदा एक मुलगा म्हणाला, गोळी घेईन, पण बारावीचा निकाल लागल्यावर. तू वर्गात आधी गोळीचा प्रश्न विचार, हात मोज, आणि मग उलटा प्रश्न विचार. दोन्ही वेळा हात वर करणारे कोण निघतात त्यांची गाठ घे आणि कारण लिहून पाठव, पुढच्या अंकात छापू.